बाटलीतला फेस

या आजाराची बातमी मी लिहून दिली असती, तर मुख्य उपसंपादकांनी ती परत पाठवली असती. मुख्य घटनेच्या वेळी वार्ताहर शुद्धीवर नव्हता. त्यामुळे पुढच्या मजकुरातलं थोडं मी पाहिलेलं आहे आणि बरंचसं मला सांगितलेलं. सांगणारी माणसं दोन : माझी बायको सुनंदा आणि माझा मोठा भाऊ, दादा. दोघांच्या सांगण्यात फरक आहे आणि तो मी तसाच ठेवला आहे. ज्यांचं माणूस आज अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे आहे, त्यांना कदाचित त्या फरकाचाच उपयोग होईल.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी ठाण्याच्या एका मराठी दैनिकात वार्ताहर होतो आणि डोंबिवलीत राहत होतो. सुनंदा बँकेत होती. दादा ठाकुर्लीला राहायचा आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायचा. तयार माल गेटाबाहेर जाण्याआधी तो बरोबर आहे की नाही हे दादा ठरवायचा. संशय घेण्यासाठी आम्हा दोघांही भावांना पगार मिळत होता.

काटा

खाडीत मासे मरून वर येत असल्याची तक्रार होती, म्हणून मी छायाचित्रकाराला घेऊन ठाण्याच्या कोळीवाड्यात गेलो. एका टोपलीत शिंगाळ्या होत्या, काटेरी पंखांच्या मासळ्या. त्यातली एक छायाचित्रासाठी वर धरावी म्हणून मी हात घातला. टोपलीवाली मावशी ओरडली, "आरं, नको हात लावू, काटा मारंल!" तोवर काटा उजव्या तळहातात गेला होता. मावशी आधी हळहळली, मग हसली. "पेपरवाल्यांना सगल्यात हात घालाची सवय!"

मी नळाखाली हात धुतला, रुमाल बांधला आणि कचेरीत येऊन बातमी लिहिली. दुसऱ्या दिवशी हात सुजला. त्यानंतर थंडी वाजून ताप आला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. त्या हंगामात ज्याला ताप त्याला मलेरिया, असाच सरसकट हिशेब होता. "अगदी टिपिकल केस आहे," ते म्हणाले.

सुनंदा बँकेतून घरी आली तेव्हा मी पलंगावर बसून भिंतीला बातमी सांगत होतो. पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं व्यवस्थित. तिने खालच्या मजल्यावरून दादाच्या कारखान्यात फोन केला, शेजाऱ्यांच्या मदतीने मला टॅक्सीत घातलं आणि ठाण्याच्या रुग्णालयात आणलं. वाटेत मी तिला "बाई, आपण कुठल्या खात्याच्या?" असं विचारलं म्हणे. इथून पुढचं मला आठवत नाही.

निदानाचा दिवस, दोन साक्षीदारांकडून

अतिदक्षता विभागाचे डॉक्टर चाळिशीचे होते. बोलता बोलता चष्मा काढून पुसायची त्यांना सवय होती. त्यांनी माझा हात पाहिला, नख दाबून सोडलं आणि रंग परत येण्याची वाट पाहिली. मग ते बाहेर आले आणि म्हणाले की जंतू हातातून रक्तात गेले आहेत, रक्तदाब उतरतो आहे, लघवी जवळजवळ थांबली आहे. मलेरिया नाही. जंतूंवरचं औषध सुरू केलं आहे.

"मग उतरेल ना?" सुनंदाने विचारलं.

"जंतू मरतील. पण आता प्रश्न जंतूंचा राहिलेला नाही."

हे वाक्य दोघांनीही मला शब्दशः सारखं सांगितलं आहे, म्हणून ते मी खरं धरतो.

दादाने विचारलं, "मग कशाचा?"

डॉक्टर ठाण्याचेच. त्यांनी टेंभी नाक्याचं उदाहरण दिलं. "दहीहंडीच्या गर्दीत एक खिसेकापू शिरला. कुणीतरी भोंग्यावर ओरडलं, चोर चोर. पोलीस धावले आणि दिसेल त्याला झोडपायला लागले. खिसेकापू केव्हाच पकडला गेला, पण भोंगा ओरडतोच आहे आणि लाठ्या चालूच आहेत. शरीरात जन्मापासून एक पहिली फळी असते. ती धावून जाते, ओळख पटवत बसत नाही. एरवी तीच आपल्याला वाचवते. आत्ता यांच्या फुप्फुसांना, मूत्रपिंडांना जो मार बसतोय, तो तिचा आहे."

"मग पोलीसच काढून घेणार?"

"नाही. भोंगा काढून घ्यायचा. पोलीस राहू द्यायचे."

"अंगात जंतू भरलेत आणि तुम्ही प्रतिकारशक्ती कमी करणार. तेवढ्यात खिसेकापू मोकळा सुटला तर?"

"तो धोका आहे."

त्यानंतर डॉक्टरांनी नव्या औषधाबद्दल सांगितलं. परदेशात तयार झालेलं, या भोंग्याला गप्प करण्यासाठीचं. अजून सिद्ध न झालेलं. पाहणी चालू होती : निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी दुसरी बाटली, ज्यात औषध नाही. बाकीचे उपचार सगळ्यांना सारखेच. कुणाला कुठली बाटली, हे डॉक्टरांनाही कळत नव्हतं. ठरवायचं लगेच होतं. नाही म्हटलं तरी उपचारात कमी पडणार नव्हतं.

"तुम्हालाही माहीत नाही?" दादा म्हणाला.

"नाही."

"बाटलीत काय आहे माहीत नाही, असा माल आमच्या गेटाबाहेर जाऊ शकत नाही, डॉक्टर. माझा भाऊ प्रयोगाचा उंदीर नाही."

इथून दोघांची साक्ष वेगळी होते. दादा सांगतो की डॉक्टर घाईत होते, सारखे घड्याळाकडे बघत होते, आणि सुनंदाने न वाचता सही केली. सुनंदा सांगते की डॉक्टर तिच्या शेजारी बाकावर बसले, तिने कागद दोनदा वाचला, आणि दादा त्या वेळी खाली टेलिफोनवर मला मुंबईला हलवण्यासाठी तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांना शोधत होता. दादा वर आला तेव्हा सही झाली होती.

"सुनंदा, माझी वाट बघायची नाहीस?"

"थांबायला वेळ नव्हता, दादा."

"त्याला काही झालं तर ते तुझ्या सहीने होईल, एवढं लक्षात ठेव."

हे वाक्य दादाने मला सांगितलं नाही. सुनंदानेही फार उशिरा सांगितलं.

बांधलेले हात

मला जाग आली तेव्हा माझे हात पलंगाच्या दांड्यांना बांधलेले होते आणि घशात नळी होती. डाव्या करंगळीचं टोक, रक्त न पोचल्यामुळे, काळं पडलं होतं. पुढे ते काढावं लागलं. पण मला पहिली भीती करंगळीची वाटली नाही. मला वाटलं, मला पकडून ठेवलंय.

पुढचे काही दिवस मी फक्त टिपणं घेत होतो, मनातल्या मनात. माझं रक्त शेजारच्या रुग्णापेक्षा जास्त वेळा घेतलं जात होतं. ते वेगळ्या, निळ्या बुचाच्या नळ्यांमध्ये जायचं. टाय लावलेला एक गृहस्थ आला, माझ्याकडे न बघता माझे कागद चाळून गेला. डॉक्टर माझ्या पायथ्याशी उभे राहून इंग्रजीत हळू बोलायचे आणि मी डोळे उघडले की थांबायचे. हे सगळं घडलं, त्यात चूक नाही. त्यातून मी जी बातमी तयार केली होती, तिच्यात मात्र मला विकलेलं होतं.

नळी निघाल्यावर मी पहिला प्रश्न सिस्टरला विचारला. ती केरळची, बरीच वर्षं ठाण्यात असलेली. "मला बांधलं कुणी?"

"मी," ती म्हणाली. "तुम्ही नळी ओढत होते. दोनदा. आणि मला शिवी दिली. पेपरवाल्याला शोभते का?"

"निळ्या नळ्यांतलं रक्त कुठे जातं?"

"अरे देवा, बोलायला लागला आणि चौकशी सुरू! आधी पाणी प्या."

ती पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा ओठांवरून फिरवायची. तहान त्याने भागायची नाही, पण तेवढ्या वेळापुरता माझा संशय थांबायचा. आजारपणात उपकार असतात ते एवढ्याच आकाराचे. सुनंदा बँकेतून थेट यायची आणि माझ्या उशाशी बसून आमच्याच पेपरातले छोटे छोटे मथळे वाचून दाखवायची. मी चुका काढायचो. चुका सापडायला लागल्या तेव्हा तिला खात्री पटली की डोकं शाबूत आहे.

दादाही यायचा. पण सुनंदा आत असली की तो बाहेर थांबायचा, आणि तो आत आला की ती उठायची. मी विचारलं, तेव्हा तिने सहीचं सांगितलं.

मी तिला काय बोललो ते इथे देत नाही. दादाच्या बाजूचं होतं, एवढं पुरे.

मुलाखत

डॉक्टर सकाळच्या फेरीला आले तेव्हा मी त्यांची मुलाखत घेतली. उशीला टेकून, शिरेत सुई असताना.

"मला औषध मिळालं की दुसरी बाटली?"

"माहीत नाही."

"सांगता येत नाही, की माहीत नाही?"

"माहीत नाही."

"कुणाला माहीत आहे?"

"इथे कुणालाच नाही. मला माहीत असतं, तर तुमची तब्येत मी वेगळ्या नजरेने पाहिली असती. औषध मिळालंय म्हटल्यावर मला सुधारणा दिसायला लागली असती."

वीस माणसांनी मला 'माहीत नाही' म्हटलं, तर त्यातल्या एकोणीस जणांना माहीत असतं, यावर माझी नोकरी चालायची. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते चष्मा पुसत राहिले.

"माझ्या बायकोला फसवून सही घेतली, असं लिहिलं तर?"

"लिहा," ते म्हणाले. "फक्त तिला विचारून लिहा."

मी तिला विचारलं नाही. मला वाटलं, तिचं उत्तर मला माहीत आहे : घाबरली, कुणीतरी पुढे केलेल्या कागदावर सही केली.

दोन बाटल्या

घरी आल्यावर जिना चढणं हे एक स्वतंत्र काम झालं. रस्त्यावरून चालताना मुलंसुद्धा मला मागे टाकून जायची. केस गळले. ओळखीचे लोक घरी येऊन माझ्याकडे कमी आणि करंगळीकडे जास्त बघायचे. हे सगळं काही महिन्यांत सुधारतं, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. म्हणून इथे सांगतो.

सुधारली नाही ती एक गोष्ट. दादा आमच्याकडे यायचा, खुर्चीत बसायचा, आणि सुनंदाने चहा ठेवला की कपाकडे बघून "थँक्यू" म्हणायचा. पंधरा वर्षं तिला "चहा फार गोड केलास" म्हणणारा माणूस थँक्यू म्हणायला लागला, की घर मोडायला आलंय असं समजावं. सुनंदा माझ्याशीही बेताचंच बोलायची. मी ठरवलं, की बाटलीत काय होतं ते शोधून काढायचं. औषध असेल तर तिने मला वाचवलं. पाणी असेल तर ती फसली. एवढा सोपा निकाल माझ्या डोक्यात होता, आणि तो दादाच्याही डोक्यात होता.

निकाल दादानेच आणला. मी बरा झालो म्हणून त्याने ठाकुर्लीला सगळ्यांना जेवायला बोलावलं. पानं मांडली जात होती तेवढ्यात तो स्वयंपाकघरातून दोन रिकाम्या टॉनिकच्या बाटल्या घेऊन आला. एकीत मीठपाणी, दुसरीत पाण्यात घोळलेला अंड्याचा पांढरा बलक.

"अहो, आज संकष्टी!" वहिनी ओरडली. "पानाजवळ अंडं आणलंत?"

"खायला नाही आणलं. बघायला आणलंय."

त्याने दोन्ही बाटल्या हलवल्या. मीठपाण्यावरचे बुडबुडे लगेच फुटले. दुसऱ्या बाटलीत फेस चढला आणि तसाच राहिला.

"त्या दिवशी मी काचेतून बघत होतो," दादा म्हणाला. "एका शिकाऊ डॉक्टरने बाटली उलटी-सुलटी केली आणि तिच्यात फेस आला. बसला नाही, टिकला. ही औषधं प्रथिनांची असतात, हे मी नंतर एका ओळखीच्याला विचारून घेतलं. प्रथिनाला फेस येतो, पाण्याला नाही. प्रयोगशाळेत आयुष्य गेलंय माझं. याला औषधच मिळालं."

मग तो सुनंदाकडे वळला. "तुझी सही बरोबर होती. मी उगाच बोललो."

वहिनीने बाटल्या उचलून मोरीत नेऊन ठेवल्या. दादाने वहिनीला सुनंदाच्या पानात दुसऱ्यांदा मोदक वाढायला लावले आणि तो म्हणाला, "सारण फार गोड झालंय, नाही का गं?" सगळे हसले. सुनंदाही हसली, पण तिने मोदक खाल्ला नाही. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. मला माझी बातमी मिळाली होती, तीही प्रत्यक्षदर्शीकडून.

खुलासा

बऱ्याच महिन्यांनी तपासणीसाठी मी पुन्हा ठाण्याला गेलो. डॉक्टरांनी मूत्रपिंडांचे अहवाल पाहिले, समाधान व्यक्त केलं आणि मग स्वतःहून सांगितलं की ती पाहणी बंद झाली आहे. औषध घेतलेले आणि न घेतलेले, यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. "भोंगा एक नसतो," ते म्हणाले. "एक काढून घेतला की दुसरे ओरडतात. आणि कुणाचा कधी काढायचा, हे आम्हाला अजून कळलेलं नाही."

"पण मला ते मिळालं होतं," मी म्हणालो आणि फेसाचं सांगितलं.

डॉक्टर मनापासून हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "तुमचे बंधू हुशार आहेत. पण दुसऱ्या बाटलीतही प्रथिन होतं. माणसाच्या रक्तातलं, साधं, निरुपद्रवी. मुद्दाम घातलेलं, म्हणजे तिलाही फेस यावा."

"का?"

"तुमच्या बंधूंसारखी माणसं सगळ्या जगात असतात म्हणून."

मी विचारलं, "मग मला काय मिळालं?" त्यांनी तेच उत्तर दिलं : माहीत नाही, कुणाला काय दिलं ती यादी परदेशात कंपनीकडेच राहते. या वेळी मी ते खरं मानलं, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. ती कपडे घडी करत होती. तिने हातातला शर्ट पूर्ण घडी केला.

"दादांना सांगणार?"

"नाही सांगितलं तर?"

"तर सगळं छान चाललंय."

छान चाललं होतं, हे खरं होतं. दादा पुन्हा तिच्या चहाला नावं ठेवायला लागला होता. पण ज्या पुराव्यावर त्याने माफी मागितली, तो पुरावा खोटा निघाला होता. आमच्या धंद्यात चूक ज्या पानावर छापली, दुरुस्तीही त्याच पानावर द्यायची पद्धत आहे. मी तिला म्हणालो, ठाकुर्लीला जाऊ. तिथेच, जेवताना सांगू.

"सांगा," ती म्हणाली. "मी त्या फेसावर सही केली नव्हती."

त्याच पानावर

दादाने ऐकून घेतलं. मध्ये एकदाच त्याने विचारलं, "दुसऱ्यातही प्रथिन? मुद्दाम?" त्यात राग नव्हता. चांगलं काम पाहिल्यावर त्याचा आवाज असाच व्हायचा. मग त्याच्या लक्षात आलं.

"म्हणजे याला काय दिलं ते कळणारच नाही."

"नाही."

"पाणीही असेल."

"पाणी नाही. पण औषध नसेलही."

वहिनी आमटीचं भांडं हातात घेऊन उभी राहिली होती. दादा सुनंदाकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर तोच सहीच्या दिवशीचा माणूस परत येतोय की काय, अशी मला शंका आली.

"मग तू सही कशावरून केलीस?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. मीही नाही. मी तिच्याशिवाय सगळ्यांची मुलाखत घेतली होती.

"त्या दिवशी सगळे खात्रीने बोलत होते," सुनंदा म्हणाली. "आपले डॉक्टर म्हणाले, टिपिकल मलेरिया. शेजारचे म्हणाले, उष्णता बाधली. तुम्ही म्हणालात, मुंबईला हलवलं की वाचेल. एकच माणूस म्हणाला, मला माहीत नाही. आणि एवढं बोलून तो निघून नाही गेला. आत जाऊन यांच्यापाशी उभा राहिला. मला वाटलं, ज्याला माहीत नाही तो नीट लक्ष ठेवेल."

दादाने भात कालवायला घेतला आणि तसाच थांबला.

"मी खात्रीने बोललो होतो," तो म्हणाला.

"हो, दादा."

"मुंबईला हलवला असता, तर वाटेत…"

"तेही माहीत नाही, दादा," सुनंदा म्हणाली आणि वहिनीच्या हातातलं भांडं घेऊन त्याच्या भातावर आमटी वाढली.